यादीतलं एकच नाव

गेल्या वर्षीचा ८ डिसेंबर, रविवार, सकाळची उपासना. रक्कम दोन हजार सातशे चाळीस रुपये. हजर मोठी माणसं एकसष्ट, मुलं चौदा, पाळकसाहेब, आणि पेटीवर पाळकबाई. तुम्ही डावीकडच्या तिसऱ्या बाकावर भिंतीच्या कडेला, शेजारी मार्थाकाकू. मी खजिनदार म्हणून पुढे उभा राहिलो आणि वाचलं, "हंगामाच्या लिलावाची बाकी. श्री. शांतवन, दोन हजार सातशे चाळीस." कागदावर दुसरं नाव नव्हतं. घडी घालून तो मी खिशात ठेवला.

उपासना सुटल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात. माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "बरोबर हाय. दोन सातशे चाळीस. मी घरी बी तेवढंच मांडलं व्हतं." त्यानंतर चपला शोधायला गेलात. एवढंच.

काका, नाताळच्या अंकासाठी तुमच्यावर काहीतरी लिही, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं. तुमचा जन्म कधीचा, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, ते सगळं दुसऱ्या पानावर छापून येणार आहे. मला लिहायचं आहे ते त्या एका नावाबद्दल. तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. त्याआधी दहा महिने तुम्ही समोर होतात, तेव्हा मी बोललो नाही.

आधी जे आपल्या मंडळीतले नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. आपलं देऊळ, म्हणजे चर्च, लहान. पौडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, पत्र्याचं छप्पर. पाऊस ओसरला की भिंतींवरचं शेवाळ खरवडायचं, अंगणातलं कंबरभर गवत कापायचं, चुना मारायचा. भाताची कापणी उरकली की नोव्हेंबरात हंगामाचा सण. ज्याच्याकडे जे पिकलं ते त्यानं आणून वेदीसमोर ठेवायचं. नवा तांदूळ, भोपळे, काकड्या, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. वरच्या वाडीतली घरं नाचणी आणतात, रानातल्या वेलीचे कंद, करांदे, आणतात. भूगाव-सूसच्या फ्लॅटमध्ये राहणारे केक आणि सफरचंदाची खोकी आणतात. उपकारस्तुती झाली की अंगणात या सगळ्याचा लिलाव होतो, आणि त्या पैशावर आपलं वर्ष चालतं.

लिलाव पुकारायचे तुम्ही. बसमध्ये कंडक्टर म्हणून आयुष्य गेलेलं, गळा त्यातच तयार झालेला. मी नगरकडचा. लग्न करून इकडे आलो आणि पहिल्या रविवारी दारातच घुटमळत उभा राहिलो, तेव्हा भर उपासनेत तुम्ही आवाज दिला होता, "पुढं सरका, पुढं सरका! पुढं जागा हाय, पाव्हणा दारात लटाकलाय!" पाळकसाहेब उपदेश थांबवून हसले. या मंडळीत मला पहिली जागा तुम्ही करून दिलीत. हे लिहायलाच हवं, कारण पुढे जे लिहिणार आहे ते याच माणसाशी मी केलं.

लिलावात तुमची एक पद्धत होती. फ्लॅटवाल्यांचा केक पाचशेला जायचा, नवा तांदूळ सातशेपर्यंत चढायचा. पण करांद्यांची पाटी पुढे आली की अंगण गप्प. नव्या लोकांना ते काय असतं हेच माहीत नाही. उकडायचे, सोलायचे, मीठ लावून खायचे, हे तुम्ही दर वर्षी ओरडून सांगायचात. कुणी हलायचं नाही. मग तुम्ही मान उंच करून एकदम म्हणायचात, "मागनं शंभर आलं! शंभर एकवार, शंभर दोनवार, शंभर तीनवार! गेलं मागच्या पाव्हण्याला!" मागे कुणी नसायचं. मागे भिंत होती. पाटी आणणाऱ्या बाईचा चेहरा मात्र खुलायचा, आपलं कुणीतरी घेतलं म्हणून. मी वही घेऊन विचारायचो, "नाव?" आणि तुम्ही हळूच म्हणायचात, "शांतवन लिव्ह."

गिऱ्हाईक न मिळालेल्या प्रत्येक वस्तूचं असंच, कधी शंभर, कधी दोन-तीनशे. म्हणजे बाकी तुमच्या नावावर का पडायची हे मला नेमकं माहीत होतं. ज्यांनी ८ डिसेंबरला तुमच्याकडे वळून पाहिलं त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

यावर आपलं भांडण जुनं. मी म्हणायचो, काका, ज्याला गिऱ्हाईक नाही ती वस्तू बिनकिमतीची लिहू आणि गरजूला देऊ. तुमच्या पेन्शनीत हे बसत नाही. तुम्ही म्हणायचात, "देवापुढं ठेवलेली वस्तू कुनी घेतली न्हाई, असं त्या बाईनं बघायचं का? ही काय पौडची मंडई हाय?" मी म्हणायचो, लिलाव म्हटला की किंमत आली, किंमत म्हटली की वसुली आली. तुम्ही म्हणायचात, "तू वसूल कर की. मी कुटं पळतोय?" एका वर्षी काकू मध्येच वैतागून म्हणाल्या होत्या, "तुमचं दोघांचं होतंय, पन महिनाभर करांदं मी खाते!" तेव्हा तिघंही हसलो. भांडण तिथेच राहिलं. मला अजून वाटतं की हिशोबाच्या बाजूनं मी बरोबर होतो. हे मी तुमच्या मृत्यूनंतर तुम्हाला बरं वाटावं म्हणून बदलून लिहिणार नाही.

सणाची बाकी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरायची आणि न भरणाऱ्यांची नावं डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी वाचायची, हा ठरावही माझाच. सहा वर्षांपूर्वीचा. त्याने वसुली सुधारली, हे खरं आहे.

आता भोपळ्याचं.

गेल्या वर्षीच्या सणाला मी घरामागच्या मांडवावरचा भोपळा आणला होता. पिरंगुटच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथे आलेला माल तोलून चिठ्ठी लावल्याशिवाय आत जात नाही. हाताला ती सवय. भोपळ्यावर मी चिठ्ठी चिकटवली होती, चार किलो तीनशे ग्रॅम. तुम्ही तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरलात आणि ओरडलात, "बघा मंडळी! खजिनदारांनी देवाला भोपळा दिलाय, वजन करून! आता देवाकडनं पावती तेवढी यायची राहिलीय!" सगळं अंगण हसलं. मुलं "पावती, पावती" करत नाचायला लागली. माझी बायको पदर तोंडाला लावून हसली, ते मला सगळ्यात जास्त लागलं. तो भोपळा साडेसहाशेला गेला. भोपळ्याला एवढी किंमत आपल्याकडे कधी आली नव्हती, आणि ती तुमच्या त्या बोलण्यामुळेच आली. वहीत आकडा मीच लिहिला, आणि तरीही मला तो दिसला नाही. मला फक्त हसणं ऐकू येत होतं.

तीन आठवड्यांनी बाकीची यादी तयार झाली. नावं पाच. त्यात माझा मेहुणा प्रदीप, सूसला राहणारा. शनिवारी दुपारी मी त्याला फोन केला, "उद्या नाव वाचलं जाईल, आजच भरून टाक." त्याने दहा मिनिटांत मोबाइलवरून पैसे पाठवले. मग वाटलं, फक्त नातेवाइकाला सांगणं बरोबर नाही. म्हणून आणखी तिघांना फोन केला. तिघांनीही संध्याकाळपर्यंत भरले. चार नावांवर मी रेघ मारली.

पाचवा नंबर मी लावला नाही. विसरलो नव्हतो. फोन हातात होता, तुमचं नाव काढून बसलो होतो, आणि मनात म्हणालो, होऊ दे एकदा. सगळ्यांसमोर कसं वाटतं ते यांनाही कळू दे. हेच शब्द होते. रविवारी सकाळी पाळकसाहेबांनी यादी पाहून विचारलं, "एकच नाव? काकांना आधी कळवलंस ना?" मी म्हणालो, "फोन लागला नाही."

पाच नावं असती तर तुम्ही पाचांतले एक झाला असता. माझ्या चार फोनांनी तुम्हाला एकटं केलं. आयुष्यभर इतरांची तिकिटं तपासलेल्या माणसाला मी बिनतिकिटाचा म्हणून उभा केला.

तुम्ही २० डिसेंबरला पंधराशे भरलेत आणि जानेवारीत बाराशे चाळीस. दोन्ही वेळा पावती घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलीत. जानेवारीच्या बैठकीत मी आणखी एक ठराव मांडला, लिलाव पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही. तो कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळलं. तुम्हीही हात वर केलात. पावसाळ्यात पाळकसाहेबांना म्हणालात, "औंदा लिलावाला दुसरं कुनी बघा. गळा बसलाय माझा." गळा बसलेला नव्हता. दर रविवारी गीतांना तुमचाच आवाज पत्र्याला लागायचा.

सप्टेंबरच्या शेवटी साफसफाईला आपण दोघंच लवकर पोचलो होतो. तुम्ही हट्टाने शिडीवर चढलात, शेवाळ खरवडायला. मी खाली शिडी धरली. हिरवा चुरा माझ्या डोक्यावर पडत होता. बराच वेळ खरवडून झाल्यावर तुम्ही खाली न बघता म्हणालात, "अरुणराव, काय बोलायचं असंल तर बोला. शिडी तुमच्याच हातात हाय."

मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, "चुना किती किलो लागेल ते बघतोय."

"वीस लागंल," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा खरवडायला लागलात. चुना बावीस किलो लागला.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही गेलात, दुपारी, ओट्यावर बसल्या बसल्या. दफनाची सगळी व्यवस्था मी पाहिली. पेटी, खोदणारी माणसं, गाडी, सगळं वेळेवर झालं. सगळे म्हणाले, अरुण होता म्हणून झालं. मी मातीची मूठ टाकली तेव्हाही मनात काही म्हणू शकलो नाही, कारण आधी ते तोंडाने म्हणायचं राहिलं होतं.

आठव्या दिवशी काकूंकडे गेलो. त्या सुपात नवा तांदूळ घेऊन खडे काढत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "काकू, गेल्या वर्षी त्या यादीआधी मी चौघांना फोन केला होता. काकांना केला नाही. मुद्दाम."

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "ठाव हाय," म्हणाल्या.

"कसं?"

"तुमच्या मेव्हण्यानंच सांगितलं. त्याच दिवशी, भायेर चपला घालताना. 'बरं झालं दाजींनी काल फोन केला, नायतर आपलं बी नाव आलं असतं,' असं कुनाला तरी म्हनत व्हता. ह्ये शेजारीच वाकलं व्हतं चपला शोधाया."

म्हणजे माझा हात सोडून तुम्ही दहा पावलं गेलात तेवढ्यात तुम्हाला कळलं होतं. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"तितं काय न्हाई. घरी आल्यावर म्हनलं, अरुणला भोपळ्याचं लागलं. मीच जास्ती बोललो."

"मग मला एकदा विचारायचं होतं त्यांनी."

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनं, त्यो येईल आपसूक. हिशोबाचा मानूस हाय, बाकी ठेवायचा न्हाई." मग त्यांनी सूप एकदा पाखडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "लई वाट बघितली त्यांनी. शिडीवरनं उतरून आलं त्या दिवशी जेवताना म्हनलं, आज बी न्हाई बोलला."

मी बसलो. त्यांनी चहा टाकला. तो मी प्यायलो, हेही आता मला विचित्र वाटतं.

जाताना काकू म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? त्यांचं नाव माझ्याफुडं वाचलं नव्हतं, मंडळीफुडं वाचलं व्हतं."

यंदाचा सण नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी झाला. पुकारायला कुणी तयार होईना. पाळकसाहेब म्हणाले, "अरुण, तूच पुकार. वही आज दुसरं कुणी लिहील." अंगणात टेबलामागे उभा राहिलो आणि लिलावाआधी सांगितलं. पाच नावं होती, चौघांना फोन केला, शांतवनकाकांना केला नाही. पाळकसाहेबांना फोन लागला नाही म्हणालो, तेही खोटं. बाकी का पडली होती तेही सांगितलं, मागचा पाहुणा कोण होता तेही. प्रदीप खाली बघत होता. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. मागून एक म्हातारी, कानानं कमी असल्यामुळे मोठ्यानं बोलणारी, म्हणाली, "आता कुनाला सांगतोस रं बाबा?"

मी पहिली वस्तू उचलली.

काका, मला तुमच्यासारखं पुकारता येत नाही. मी वस्तू उचलतो, नाव सांगतो आणि "किती?" विचारतो. मुलांना दहाव्या मिनिटाला कंटाळा आला. तरी केक गेले, अंडी गेली, कोंबडी नऊशेला गेली. मग करांद्यांची पाटी आली. वरच्या वाडीतल्या चिमाबाईंची. मी म्हणालो, "करांदे. उकडून, सोलून, मीठ लावून खायचे." अंगण गप्प. माझं मलाच वाटत होतं, म्हण, मागनं शंभर आलं. तोंड उघडलंही. निघालं ते पुन्हा "किती?" एवढंच. स्वतःच्या नावावर घ्यावी तर पुकारणाऱ्यानं बोली लावायची नाही हा ठराव, माझाच. एकवार, दोनवार, तीनवार म्हणून मी पाटी बाजूला ठेवली. चिमाबाई पुढेच बसल्या होत्या. त्या पाटीकडे बघत राहिल्या. तुम्ही इतकी वर्षं जे होऊ दिलं नाहीत ते माझ्या पहिल्याच वर्षी झालं.

सगळ्यात शेवटी काकूंनी आणलेला तांदूळ, तुम्हीच लावलेल्या खाचरातला, धडप्यात बांधलेला. पायलीभर. मी म्हणालो, "नवा इंद्रायणी. काकांच्या शेतातला." सगळे क्षणभर थांबले, कुणी आधी बोलायचं म्हणून. तेवढ्यात चिमाबाई म्हणाल्या, "धा रुपय."

कुणीतरी हसलं. पायलीभर नव्या इंद्रायणीचा भाव मला तोंडपाठ आहे. पलीकडे प्रदीपने हात वर केलेला मी पाहिला. पाहिला, हे इथे लिहून ठेवतो. आणि एका दमात म्हणालो, "दहा एकवार दहा दोनवार दहा तीनवार."

"दाजी! अहो, मी फाइव्ह हंड्रेड म्हणतोय ना!"

"उशीर झाला," मी म्हणालो.

चिमाबाईंनी कनवटीची नोट काढून टेबलावर ठेवली, धडपं उचललं आणि दुसऱ्या काखेत करांद्यांची पाटी घेतली. ती परत न्यावी लागू नये म्हणून तुम्ही गळा फोडून ओरडायचात. मी ती थांबवू शकलो नाही. त्या फाटकापर्यंत गेल्या तेव्हा काकू उठून त्यांच्याबरोबर चालू लागल्या, पाटी दोघींत, एकेका बाजूनं धरून. काय बोलत होत्या ते इथपर्यंत ऐकू आलं नाही.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकजण जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, पाचशेची बोली होती, मंडळीचं नुकसान झालं. बरोबर होतं त्यांचं. तुम्ही असता तर म्हणाला असता, ही काय मंडई हाय? आणि मी म्हणालो असतो, हिशोब तरी जुळला पाहिजे. ते भांडण माझ्याकडूनच चालू राहणार असं दिसतं, तुमच्या बाजूनं आता कुणी नाही. तुमच्याशी जे केलं त्याला भरपाईचा आकडा मला काढता आलेला नाही. जो काढता येत होता तेवढा त्या दिवशी भरला.

चिमाबाईंकडून दहा रुपये, रोख. माझ्याकडून चारशे नव्वद, रोख. एकूण पाचशे, मिळाले मंडळीला. तांदूळ चिमाबाईंना.